बांधावरच्या मांडण्या

पर्यावरण हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी नळावर ऐकला होता. विक्रोळीला आमच्या चाळीच्या मागे नाला आहे. नाल्याच्या पलीकडे मातीचा बांध, आणि बांधापासून खाडीपर्यंत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. त्या बांधावर पत्र्याच्या घरांची एक ओळ होती. दोन-तीन वर्षांनी एकदा जेसीबी यायचा, काही घरं पडायची. मग तिथल्या बायका आमच्या नळावर पाणी भरायला आल्या की एकमेकींना सांगायच्या, काल पर्यावरण आलं होतं. अमकीचं घर पर्यावरणात गेलं, तमकीचं वाचलं. पर्यावरण हा कुणी साहेब असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हा विषय सगळ्यांना सक्तीचा होता. तो शिकवायला तासिका तत्त्वावर वसुधा चुरी मॅडम आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, पर्यावरण म्हणजे काय? पुढच्या बाकांवरच्या मुलींनी व्याख्या सांगितली, ती त्यांनी फळ्यावर लिहिली. मग त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. मी गोंधळले आणि तोंडातून निघून गेलं, "घरं पाडायला येतात ते."

वर्ग हसला. मी खाली बसले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे इथे काय बोलायचं असतं आणि काय नसतं याचा मला अंदाज नव्हता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधीच्या व्याख्येखाली माझं वाक्य तशाच मोठ्या अक्षरात लिहिलं आणि म्हणाल्या, "दोन्ही उतरवून घ्या." तास संपल्यावर मला थांबवून त्यांनी विचारलं, "कुठं राहतेस गं? मला दाखवशील?"

मॅडम मूळच्या चित्रकार. वय पन्नाशीच्या पुढे, केस आखूड आणि न रंगवलेले, सुती कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात कायम शिंप्यासारखी मापाची पट्टी. ती पट्टी त्या कशालाही लावत. वर्गाचं दार, कँटीनचं बाकडं, पुलाच्या कठड्यामधलं अंतर. माप कुठे लिहीत नसत. घाटकोपरच्या बाजारात एकदा एका बाईनं त्यांना ब्लाउजची शिलाई विचारली होती. मॅडमनी तिला अगदी मनापासून सांगितलं की मला शिवता येत नाही हो, फक्त मापं घेता येतात. हा किस्सा त्या स्वतःच सांगत.

त्यांच्या तासाला 'छान' हा शब्द बंद होता. एखादं चित्र, एखादी जागा, कँटीनमधला नवा फ्रिज, काहीही असो, काय दिसलं ते सांगायचं. सांगून झालं की त्या म्हणत, "बघून झालं? मग आता परत बघ." मुलं त्यांची नक्कल करायची. कुणी नवीन शर्ट घालून आला की बाकीचे त्याच्याभोवती जमून म्हणायचे, बघून झालं, आता परत बघ. मॅडमच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगलंय ना यार. निदान शर्ट तरी बघतायत."

कॉलेजात दरवर्षी 'वेस्टमधून बेस्ट' नावाची स्पर्धा व्हायची. प्राचार्यांनी मॅडमना परीक्षक नेमलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मॅडमचं काम म्हणजे हेच असणार. एका मुलानं आइस्क्रीमच्या काड्यांचा किल्ला केला होता, बुरूज, दरवाजे, सगळं. मॅडमनी त्याला विचारलं की यात वेस्ट कुठलं? तो म्हणाला, काड्या दुकानातून नव्या आणल्या, मॅडम, जुन्या चिकट असतात. मॅडम स्टाफरूमपर्यंत हसत गेल्या. पहिला नंबर त्यालाच दिला. प्राचार्यांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, अख्ख्या स्पर्धेत तेवढाच खरं बोलला. पण भाषणात प्राचार्य 'टाकाऊतून कला घडवणाऱ्या' असं म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नंतर मला म्हणाल्या, "मी टाकाऊ वस्तूला हात लावत नाही गं. लोकांचं सामान असतं ते. कुणीतरी टाकायला लावलेलं."

त्या जे करायच्या त्याला मांडणशिल्प म्हणतात. मला समजलं ते असं, की एखादी जागा घ्यायची आणि तिथे वस्तू अशा मांडायच्या की त्यांच्यामधून चालणाऱ्या माणसाला ती जागा नव्यानं दिसेल. बोरिवलीला रस्त्यासाठी झाडं तोडली होती, तेव्हा त्यांनी प्रत्येक बुंध्याशेजारी एकेक रिकामी खुर्ची ठेवली होती. दोन-तीन दिवसांत लोकांनी खुर्च्या घरी नेल्या. त्याचा त्यांना राग नव्हता. लोकांना बसायचं होतं आणि मी त्यांना बघायला लावत होते, चूक माझीच, असं त्या म्हणायच्या. मी एकदा धीर करून विचारलं की अशानं काही बदलतं का, मॅडम? त्यांनी बराच वेळ पट्टी बोटाला गुंडाळली आणि सोडली. म्हणाल्या, "आत्तापर्यंत तर नाही."

मी दुसऱ्या वर्षाला असताना बांधावरची अख्खी ओळ पाडली गेली. तिवरांचं संरक्षण, असं कारण होतं. त्याच खाडीच्या कडेला थोडं पुढे तिवरांवर भराव घालून एका टॉवरचं पार्किंग चाललं होतं, तिथे कुणी आलं नाही. बांधावरच्यांना दुसरीकडे घरं मिळतील असं सांगितलं गेलं, पण आपण नेमके तिथेच राहत होतो याचा पुरावा द्यायला हवा. तिथेच सगळं अडलं. त्या ओळीत घरांना कधी नंबरच पडले नव्हते. रेशनकार्डांवर सगळ्यांचा पत्ता एकच, 'नाल्याजवळ'. विजेचं मीटर एकाच्या नावावर आणि त्याच्याकडून बाकीच्यांनी वायरी ओढलेल्या. घर उभं असताना पुरावा घर होतं. आता नुसता बांध होता. वस्तीनं अर्ज केला की पात्रता ठरवणाऱ्या साहेबांनी एकदा येऊन जागा पाहावी. पाहणीचा दिवस ठरला.

सुमनकाकी तावडे ही त्या ओळीतली. आमच्या नात्यातली नाही, पण आमच्यासारखीच मालवणाकडची, म्हणून काकी. घर पडल्यावर ती आणि काका प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहत होती. मॅडमना मी तिच्याकडे नेलं. मॅडमनी बायकांना सांगितलं की पाहणीच्या दिवशी साहेबांना काहीतरी दिसायला हवं, म्हणून मी इथे मांडणशिल्प करणार आहे. त्यांच्या डोक्यात तिवरांत अडकलेल्या पिशव्यांचं काही होतं. बायकांनी माना डोलावल्या.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर बांधावर ओळीनं मांडण्या ठेवलेल्या. स्वयंपाकघरात भिंतीवर असते ती स्टीलची मांडणी, ताटांच्या खाचा, कपांचे हूक, वर डब्यांची फळी. घर पाडायला आले की बायका पहिली मांडणी उतरवतात, कारण ती बहुधा लग्नातली असते. मॅडमना काही कळेना. काकी पुढे आली.

"तुमी इचारलास ना, मांडणी शिल्लक आसा काय म्हणान. ही बघा, सगळ्यांची शिल्लक आसा."

मांडणशिल्प हा शब्द त्यांच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. त्यांना 'मांडणी शिल्लक' ऐकू आलं होतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर मॅडमनी माझा दंड धरला. मग त्या बांधावरच मातीत बसल्या आणि एकेका मांडणीकडे बघत राहिल्या. पिशव्यांचं काय झालं ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढचे काही आठवडे मॅडम सुट्टीच्या दिवशी तिथेच असत. प्रत्येक बाईनं आपलं स्वयंपाकघर कुठे होतं ते दाखवायचं, मॅडमनी पट्टी लावायची आणि बरोबर तिथे, भिंत होती त्या जागी, लोखंडी पायांवर मांडणी उभी करायची. पाय साकीनाक्याच्या एका वेल्डरकडून करून घेतले. प्रदर्शनाचं काम म्हणून तो पायांना चंदेरी रंग मारायचा हट्ट धरून बसला होता. भांडी मात्र बायकांनी आपापली लावली. त्यावरून भांडणंही झाली. तुझी चूल इतकी इकडे नव्हती, तू माझ्या मोरीत शिरलीस, असं. चुली जाऊन महिना झाला होता आणि दोघी मोरीवरून कचाकचा भांडत होत्या. मॅडम पट्टी हातात धरून वाट बघायच्या. त्या दिवसांत मी त्यांना जेवढं खूश पाहिलं तेवढं कधीच नाही. गणपती मंडळाची पोरं येऊन विचारून गेली, "मॅडम, देखावा हलता आहे का?" मॅडम म्हणाल्या, "नाही रे, हलवलेला आहे."

पाहणीच्या दिवशी सकाळपासून बायका आपापल्या मांडणीशेजारी उभ्या होत्या. ऊन पडलं की ताटं चमकायची, आणि नाल्याच्या अलीकडून पाहिलं तर भिंती नसलेली सगळी घरं ओळीनं दिसायची. कुणाचं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे लहान मुलानंही सांगितलं असतं. साहेब आले. गाडी नाल्यावरच्या पुलाजवळ थांबली. ते उतरले, पुलावरूनच बांधाकडे पाहिलं, बरोबरच्या माणसाशी बोलले आणि परत गाडीत बसले. काकीनं विचारलं की येतत ना ते? मी पुलापर्यंत पळत गेले. गाडी गेली होती.

साहेबांऐवजी दुसऱ्या दिवशी एक पत्रकार आला, मॅडमचा जुना विद्यार्थी. त्यानं चांगल्या मनानं लिहिलं. फोटो मोठा आला, ताटांवर ऊन, मागे तिवरं, आणि खाली 'ज्येष्ठ कलावती वसुधा चुरी यांचं अनोखं मांडणशिल्प'. वस्तीत आनंद झाला. इतक्या वर्षांत बांध पहिल्यांदा पेपरात आला होता, तोही घरांच्या जागांसकट. बायकांनी त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकीनं आपल्या मांडणीवर पेनानं गोल करून ते पान पात्रतेच्या सुनावणीच्या अर्जाला जोडलं. याहून मोठा पुरावा काय असणार? मीच काहींचे गोल करून दिले. फोटोखालची ओळ मी वाचली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट मॅडमचं नाव आलं म्हणून बरं वाटलं.

सुनावणीला मॅडम आल्या होत्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी म्हाताऱ्या बायकांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. अर्ज चाळता चाळता ते कात्रणापाशी थांबले, मग पुढच्या अर्जातलं तेच कात्रण, मग त्याच्या पुढच्यातलं. त्यांनी विचारलं की यातल्या चुरी कोण? मॅडम उभ्या राहिल्या.

"म्हणजे हे तर तुम्ही मांडलंय."

मॅडमना त्याचा अर्थ बाकी कुणाच्याही आधी कळला. त्यांचा हात गळ्यातल्या पट्टीकडे गेला. "नाही," त्या म्हणाल्या. "मी काही केलेलं नाही. सामान यांचं आहे, जागा यांच्या आहेत. मी फक्त मापं घेतली."

"पेपरात तुमची कलाकृती म्हणून आलंय."

"पेपरात चुकलंय, साहेब. ही कलाकृती नाही. यात कला अजिबात नाही."

तीस वर्षं ज्या कामाला कुणी कला म्हणावं म्हणून त्या झगडल्या, त्याबद्दल त्या हे बोलत होत्या, आणि आवाज चढवून, विनवून बोलत होत्या. साहेब थोडंसं हसले. कुत्सितपणे नाही, आदरानंच. म्हणाले, मोठे कलाकार असेच असतात, मॅडम, आपलं श्रेय घेत नाहीत. आणि त्यांनी खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. निकाल आला त्यात होतं की जागेवर दिसणारं साहित्य कलाकारानं नंतर मांडलेलं असल्यानं ते वास्तव्याचा पुरावा ठरत नाही. सगळे अपात्र.

परतताना रिक्षात काकी मध्ये, मी आणि मॅडम दोन बाजूंना. मॅडम बाहेर बघत म्हणाल्या, "मी आले नसते तर, सुमनताई?"

"तरी गेलाच असता," काकी म्हणाली.

ते खरं होतं, की काकीनं त्यांच्यासाठी म्हटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर आठवड्याच्या आत गाडी आली आणि मांडण्या अतिक्रमणाचं साहित्य म्हणून भांड्यांसकट उचलून नेल्या. त्या मानखुर्दच्या बाजूच्या एका गोदामात ठेवल्यात असं कळलं. बायका सोडवायला गेल्या तर त्यांच्याकडे खरेदीची पावती मागितली. लग्नातल्या मांडणीची पावती कुणाकडे असते? तिथल्या कारकुनानंच वाट सुचवली. त्या मॅडमनी येऊन लिहून द्यावं की ही माझी कलाकृती आहे, कार्यक्रमासाठी मांडली होती. कलाकृती असेल तर लगेच सुटते.

वरच्या कार्यालयात अजून एक अपील करता येत होतं. मॅडमनी एका वकिलांना विचारून ठेवलं होतं. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की तशी सही केलीत तर अपिलात काही उरत नाही, तुमच्याच हातानं तुम्ही लिहून दिल्यासारखं होईल. मॅडमनी सही करायला साफ नकार दिला. बायकांना समजावत राहिल्या. पावसाळा तोंडावर होता. काही कुटुंबं भाड्याच्या खोल्या शोधून निघून गेली होती, वरच्या अपिलाच्या तारखेचा पत्ता नव्हता. शेवटी काकी त्यांच्या मुलुंडच्या खोलीवर गेली, मला घेऊन. मॅडमनी चहा ठेवला. काकीनं तो पिऊन संपवला.

"सही करा, मॅडम," मग ती म्हणाली. "घर काय मेळाचा नाय आता. भांडी तरी भिंतीक लावूया. जमिनीर ठेवून ठेवून जीव गेलो."

मॅडम म्हणाल्या, अजून थोडं थांबू या. काकी म्हणाली, तुम्ही थांबा, माझ्याच्यानं आता होत नाही. त्यात राग नव्हता. मॅडमनी कप उचलून आत नेले, आणि बाहेर आल्या तेव्हा गोदामाचा पत्ता विचारला.

गोदामाच्या अंगणात हातगाड्या, वजनकाटे, छत्र्या यांचे ढीग होते. मांडण्या एका कोपऱ्यात एकीवर एक टाकलेल्या, बऱ्याच वाकलेल्या. भांडी निम्मी नव्हती. कारकून तरुण होता, भला होता. त्यानं मॅडमना खुर्ची दिली आणि नोंद लिहायला घेतली. प्रत्येक नगाला वेगळी ओळ. कलाकाराचं नाव झालं. मग त्यानं विचारलं, कलाकृतीचं शीर्षक?

मॅडमनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सुमन रामचंद्र तावडे यांचं घर, नाल्यापलीकडचा बांध."

त्यानं लिहिलं. पुढची? मॅडमनी दुसऱ्या बाईचं नाव सांगितलं, तिचं घर. तेव्हा तो थांबला. म्हणाला, सगळ्यांना वेगवेगळं कशाला, मॅडम, एकाच कामातलं आहे ना. आणि दुसऱ्या ओळीपासून खाली त्यानं 'वरीलप्रमाणे' लिहीत नेलं. मॅडम एकदा "अहो, पण" म्हणाल्या. त्याचा हात भराभर चालला होता, पान संपत आलं होतं.  त्यानं दाखवलं तिथे मॅडमनी सही केली.

काकीनं आपली मांडणी ओळखली, पदरानं पुसली आणि टेंपोत चढताना ती कुणाकडे दिली नाही. बायका मागे सामानात बसल्या, मीही बसले. मॅडमसाठी पुढे ड्रायव्हरशेजारी जागा ठेवली होती. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षानं जाते. त्या वर्षी कॉलेजनं त्यांचे तास पुन्हा लावले नाहीत, आणि त्या कुठे काही मांडतायत असं नंतर कधी ऐकलं नाही.

टेंपो फाटकातून बाहेर पडून वळला तेव्हा त्या हमरस्त्याच्या कडेला पोचल्या होत्या. एक हात वर केलेला. रिक्षा थांबत नव्हत्या, ट्रकमागून ट्रक जात होते. काकीनं मांडणी मांडीवर धरूनच त्यांना हाक मारली, मग सगळ्याच बायकांनी मारली. आम्ही त्यांच्या अगदी जवळून गेलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं असं मला वाटलं. हात तसाच वर होता, रिक्षासाठी की आमच्यासाठी, ते कळलं नाही.